किल्लारीची भिंत

२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरील गावे गणेशविसर्जन आटोपून उशिरा निजली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. जगाच्या इतिहासात याहून कितीतरी मोठे भूकंप झालेले आहेत. तरीही येथे सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे ७,९०० माणसे मृत्युमुखी पडली. एवढी प्राणहानी का व्हावी, याचे उत्तर आमच्या मते भूगर्भापेक्षा त्या घरांच्या भिंतींत अधिक सापडते.

मराठवाड्यातील ते घर म्हणजे एक लहानसा किल्लाच. काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या दोन ते चार फूट जाडीच्या भिंती. आत लाकडी खांब व तुळया. वर पांढऱ्या मातीचे माळवद. गळती थांबावी म्हणून त्यावर मातीचे थर चढत जात, आणि पिढीगणिक ते ओझे वाढे. उन्हाळा सुसह्य व्हावा, चोराचिलटांपासून रक्षण व्हावे, या हेतूंनी हे घर घडले होते. त्या दृष्टीने ते शहाणपणाचेच होते. परंतु भिंतीच्या बाहेरील व आतील बाजूस मोठे दगड रचून मधल्या पोकळीत चिपा आणि चिखल भरण्याची रीत होती. दोन्ही बाजूंना जखडणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड गवंडी क्वचितच घालीत. हादरा बसताच भिंतीला पोट आले, दोन्ही थर सुटले आणि निजलेल्या माणसांवर कोसळले. कित्येक ठिकाणी लाकडी सांगाडा उभाच राहिला, भिंती तेवढ्या गेल्या. गवताने शाकारलेल्या झोपड्यांतील गरिबांचे प्राण मात्र पुष्कळदा वाचले.

हा आरपार दगड म्हणजे काही नवा शोध नव्हे. भारतीय मानक ब्यूरोने १९९३ सालीच प्रसिद्ध केलेल्या संहितेत तो सांगितला आहे: दर दोन फूट उंचीला, आडव्या अंतरात चार फुटांवर एक. परंतु ती संहिता इंग्रजीत, आणि भिंत रचणाऱ्या गवंड्याचा गुरू म्हणजे त्याचा बाप! त्यातच सरकारी नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात मोडत होता. १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारीला अनेक धक्के बसले, लोक भयभीत झाले; पण पुढे धक्के मंदावले आणि भिंती होत्या तशाच राहिल्या. २००२ साली तो पहिला विभागच रद्द करण्यात आला.

आपत्तीनंतर लोकांना दगडाचीच धास्ती बसली. जो तो सिमेंटचे घर मागू लागला. ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. आमच्या मनात मात्र त्याहून मोठे स्थान आहे ते जुन्याच जागी झालेल्या मजबुतीकरणाला. लाखाहून अधिक घरांच्या दुरुस्तीची व मजबुतीकरणाची ती योजना होती. माळवदाची माती कमी करायची. भिंतीत आरपार भोके पाडून त्यांत लोखंडी सळई व काँक्रीट भरायचे. दारे-खिडक्यांच्या वर पट्टा बांधायचा. मदत थेट घरमालकाच्या हाती होती, गवंड्यांना प्रशिक्षण मिळाले. गावोगावी 'संवाद सहायक' म्हणून नेमलेल्या स्त्रिया ही माहिती घरोघरी पोहोचवीत. चुलीपाशी बसून भिंतीची चर्चा झाली, हे विशेष.

तरी केवळ सिमेंटवर भिस्त ठेवणाऱ्यांनी २६ जानेवारी २००१ आठवावा. कच्छमधील भूकंपाने दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती पाडल्या आणि शेकडो माणसे गाडली गेली. त्यांपैकी अनेक इमारती मोटारींसाठी तळमजला मोकळा सोडून नुसत्या खांबांवर उभ्या होत्या. खांबातील रिंगा किती अंतरावर आहेत, त्यांची टोके आत वळविली आहेत की नाहीत, हे काँक्रीट ओतल्यावर कोणालाच दिसत नाही.

आमच्या उत्तर कोकणात नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी परिसरात धक्क्यांची मालिका सुरू झाली. माणसे थंडीत घराबाहेर झोपू लागली, घरांच्या भिंतींना तडे गेले. अशा मालिकेमागून मोठा भूकंप येईलच असे शास्त्र म्हणत नाही. येणार नाही असेही म्हणत नाही. त्याच परिसरात कारवीच्या काठ्यांचे, शेणामातीने लिंपलेले आदिवासींचे कुडाचे घर शतकानुशतके बांधले जात आहे. भिंत हलकी, लवचीक; पडली तरी माणूस दबून मरण्याची भीती थोडी. घरकुलाची विटांची भिंत त्याची जागा घेत आहे. ती रचणारा गवंडी चौकटीवरचा पट्टा चारही भिंतींवरून अखंड फिरवितो की दारापुरताच ठेवतो, हे पाहायला घरमालकाने त्या दिवशी कामावर हजर असावे लागते.