घरचंच इंजिन

आपल्याकडे कोणी गाडी घेतली की पेढा तोंडात जायच्या आत पहिला प्रश्न येतो, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ दुसरा प्रश्न, ‘रिसेलला कशी आहे?’ ‘चालवायला मजा येते का?’ असं विचारणारा बहुधा कॉलेजातला असतो, नाहीतर त्याचा पहिला ईएमआय अजून कापला गेलेला नसतो. मजा आणि भरवसा एका गाडीत नांदत नाहीत, असं आपण धरूनच चालतो. मजेची गाडी म्हणजे रविवारची, गॅरेजमध्ये जास्त आणि रस्त्यावर कमी. भरवशाची गाडी म्हणजे पांढरी, गुळगुळीत आणि झोप आणणारी.

मला सध्या हे समीकरण तपासून बघावं लागतंय. घर साताऱ्यात, ऑफिस हिंजवडीत, आठवड्यातून तीन दिवस हजेरी सक्तीची. आई एकटी असते, त्यामुळे पुण्यात खोली घेऊन राहायचं नाही हे ठरलेलं आहे. जाऊन-येऊन साधारण २४० किलोमीटर, म्हणजे वर्षाला ३४-३५ हजार. नवीन गाडीचं बजेट नाही, सेकंडहँडच घ्यायची. रात्री दहाला खंबाटकीच्या घाटात बंद पडून चालणार नाही, कारण घरी कोणीतरी जेवायचं थांबलेलं असतं. आणि दिवसाचे पाच तास स्टिअरिंगमागे जाणार असतील, तर ते निव्वळ सहन करायचे नाहीत. कंटाळलेला ड्रायव्हर हाही बिघाडच आहे. तो कुठल्याही वॉरंटीत बसत नाही एवढंच.

म्हणून मी जाहिराती बघायच्या आधी इतिहास वाचायला घेतला. मजा आणि भरवसा याआधी कधी एकत्र आले आहेत का, आणि आले तेव्हा नेमकं काय घडलं होतं?

पाच हजारांचा अंदाज

साठच्या दशकात ‘मजेची गाडी’ म्हटलं की ब्रिटिश स्पोर्ट्स कार डोळ्यांसमोर यायची. एमजी, ट्रायम्फ, लोटस एलान. हलक्या, बुटक्या, वळणावर नाचणाऱ्या. तेल गळणं आणि पावसात वायरिंगने दगा देणं हेही त्यांच्याबरोबर यायचंच. मालकांनी ते प्रेमाने सोसलं, पण रोज ऑफिसला जायला दुसरी गाडी ठेवली.

ही विभागणी मोडली ती जर्मनीत, आणि तीही जवळजवळ गुपचूप. १९७४च्या सुमारास फोक्सवॅगनमधल्या मोजक्या लोकांनी, कंपनीचा अधिकृत आदेश नसताना, साध्या गोल्फची वेगवान आवृत्ती करायला घेतली. गोल्फ ही कुटुंबाची गाडी. पाच माणसं, मागे सामान, इंजिन ५० किंवा ७० हॉर्सपॉवरचं. या मंडळींनी तिच्यात ऑडी ८० जीटीईचं १.६ लिटर, ११० हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं. १९७५च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात गोल्फ जीटीआय लोकांसमोर आली आणि १९७६मध्ये विक्रीला लागली. सीटवरचं चौकड्यांचं कापड आणि गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ या दोन्ही गोष्टी गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या डिझायनर बाईंच्या. कंपनीचा अंदाज होता पाच हजार गाड्यांचा. पहिल्या पिढीच्याच विकल्या गेल्या साडेचार लाखांहून जास्त.

मला यातला आकडा महत्त्वाचा वाटत नाही, रचना वाटते. जीटीआयमध्ये खास स्पोर्ट्स कारसाठी घडवलेलं फारच थोडं होतं. दरवाजे, काचा, ब्रेकचे बरेचसे भाग, सगळं लाखोंनी विकल्या जाणाऱ्या घरच्या गाडीचं. बिघाड झाला तर गावातल्या कुठल्याही मिस्त्रीला ती उघडता येत होती.

घोडा आणि स्वार

दुसरं उदाहरण जपानचं. १९७९मध्ये बॉब हॉल या अमेरिकन मोटार पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतो यांना सुचवलं, की जुन्या ब्रिटिश धाटणीची, हलकी, उघड्या टपाची गाडी आता कोणीच बनवत नाही, तुम्ही बनवा. ते घडायला दहा वर्षं गेली. फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात माझदा एमएक्स-५ आली. जपानी अभियंते तिच्याबद्दल बोलताना ‘जिनबा इत्ताइ’ म्हणत, म्हणजे घोडा आणि स्वार एकरूप. आपल्याकडे याला ‘मांड पक्की असणं’ म्हणतात. लगाम किती ओढायचा याचा विचारच करावा लागत नाही, तशी ही गाडी.

पण बोनेट उघडलं की काय दिसायचं? माझदाच्या ३२३ या साध्या कौटुंबिक गाडीच्या घराण्यातलं १.६ लिटरचं इंजिन, फक्त आडवं बसवायच्या ऐवजी उभं. ताकद ११६ हॉर्सपॉवर, आणि गाडीचं वजन एक टनापेक्षा कमी. मजा ताकदीतून आली नव्हती, वजन कमी ठेवण्यातून आली होती. भरवसा आला होता ३२३च्या इंजिनातून. २०१६मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ तयार झाली. लोटसने जे स्वप्न दाखवलं ते माझदाने रोज सकाळी सुरू होईल असं करून दिलं.

दोन देश, दोन दशकं, आणि सूत्र एकच: घरचं इंजिन, हलकं अंग.

कुर्ल्यापासून ग्रेटर नोएडापर्यंत

आता हे सूत्र आपल्याकडे लावून बघू.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या भरवशाची व्याख्या कुर्ल्यात घडली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून १९६४ साली फियाट ११०० डिलाइट निघाली, तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. आजच्या मोजमापाने ती बिघडायचीही भरपूर. पण प्रत्येक नाक्यावर ती उघडू शकणारा माणूस होता आणि प्रत्येक सुटा भाग मिळत होता. म्हणूनच ती मुंबईची काळी-पिवळी झाली आणि शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी थेट ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. भरवसा म्हणजे न बिघडणं असं आपण समजतो. पद्मिनीच्या पिढीसाठी भरवसा म्हणजे दुपारपर्यंत दुरुस्त होणं.

न बिघडणारी आणि मजा देणारी गाडी सर्वसामान्यांच्या जवळपास आली ती १९९८मध्ये, होंडा सिटीच्या रूपाने. २०००मध्ये तिला व्हीटेक इंजिन मिळालं आणि ताकद १०६ हॉर्सपॉवर झाली. व्हीटेक म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. इंजिनाच्या झडपा कधी आणि किती उघडायच्या हे कॅमशाफ्ट नावाचा दांडा ठरवतो. झडपा कमी उघडल्या तर पेट्रोल वाचतं, पण वेगात इंजिनाचा दम कोंडतो. जास्त उघडल्या तर उलटं. होंडाने एकाच दांड्यावर दोन्ही प्रकारचे उंचवटे बसवले आणि इंजिन वेगाने फिरू लागलं की तेलाच्या दाबाने एका प्रकारावरून दुसऱ्यावर उडी मारायची सोय केली. गावात सालस, हायवेवर धटिंगण. पहिल्यांदा ते १९८९मध्ये जपानच्या इंटेग्रात आलं, आणि आपल्याकडे ते बायको-मुलांना घेऊन लग्नाला जायच्या सेडानमध्ये आलं. पुन्हा तेच सूत्र.

२००३मध्ये होंडाने नवी सिटी आणली ती ७७ हॉर्सपॉवरची. जागा जास्त, मायलेज उत्तम. म्हणजे ‘अ‍ॅव्हरेज किती?’ या प्रश्नाला कंपनीने प्रामाणिक उत्तर दिलं होतं. आपण जे विचारलं तेच आपल्याला मिळालं.

त्याच काळात सूत्राची दुसरी बाजूही दिसली. २००१मध्ये फियाट पालिओ आली, जाहिरातीत सचिन तेंडुलकर. तिच्या १.६ जीटीएक्सला १०० हॉर्सपॉवर होती. दणकट, वळणावर घट्ट, पेट्रोल मात्र पाण्यासारखं. गाडी म्हणून ती मला सिटीपेक्षाही देखणी वाटते. पण फियाटची विक्री घसरली, सर्व्हिसचं जाळं विरळ झालं, आणि २०१९च्या सुमारास कंपनीच्या गाड्या आपल्याकडे बनणंच थांबलं. गंमत अशी, की फियाटचंच १.३ लिटर डिझेल इंजिन स्विफ्टमधून लाखो घरांत पोचलं आणि भरवशाचं म्हणून नावाजलं गेलं. रक्त तेच होतं, फक्त स्विफ्टच्या मागे मारुतीचं गावोगावचं जाळं उभं होतं.

साताऱ्यात आमच्या ओळखीचे एक मिस्त्री काका आहेत. माझी यादी त्यांना वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, “गाडी कुठली ते नंतर सांग रे. तिचा हेडलाइट फुटला तर किती दिवसांत येतो, ते आधी सांग.” दीड महिना वाचून मी जिथे पोचलो होतो, तिथे ते पान्हा पुसता पुसता पोचले.

लिंबाचा बाजार

इथपर्यंत मॉडेलची गोष्ट झाली. सेकंडहँड घेताना मात्र आपण मॉडेल विकत घेत नाही, एक विशिष्ट गाडी घेतो. तिचा आधीचा मालक तिच्याशी कसा वागला, हे तिला आणि त्यालाच माहीत असतं.

यावर १९७०मध्ये जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने एक निबंध लिहिला. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीला ‘लिंबू’ म्हणतात. त्याचा मुद्दा असा: चांगली कुठली आणि लिंबू कुठलं हे ग्राहकाला कळत नाही, म्हणून तो मधली किंमत देऊ करतो. मधल्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही. तो बाजारातून निघून जातो, लिंबं उरतात, मग किंमत आणखी पडते. तीन नियतकालिकांनी हा निबंध परत पाठवला. चौथ्याने छापला, आणि २००१मध्ये अ‍ॅकरलॉफला नोबेल मिळालं.

माझ्या प्रश्नाला हा सिद्धांत दुप्पट लागू पडतो. वेगवान गाडी घेणारा तिला वेगातच चालवतो, त्यामुळे अशा गाड्यांत लिंबाची शक्यता जास्त. उतारा एकच, माहिती. सर्व्हिसच्या नोंदींतले किलोमीटर आणि मीटरवरचे किलोमीटर जुळवणं. टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचणं: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. एकच टायर नवा असेल तर का, हे विचारणं. गाडी सकाळी, थंड इंजिनाने सुरू करून बघणं. आणि स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर लावून फोनवर एरर कोड वाचणं. यात एक खूण लक्षात ठेवायची: कोड नुकतेच पुसलेले दिसले, तर विकणाऱ्याने आपल्या आधी ते वाचलेले आहेत.

चाकणची गाडी

शेवटी यादीत दोन नावं उरली. पहिली मारुती बलेनो आरएस, २०१७ची. एक लिटरचं टर्बो इंजिन, साधारण १०० हॉर्सपॉवर, वजन ९५० किलोच्या आसपास. माझदाच्या सूत्राला सगळ्यात जवळची. ती फार खपली नाही आणि २०२०मध्ये बंद झाली, पण त्याच जातीचं इंजिन २०२३मध्ये फ्राँक्समधून परत आलं.

दुसरी फोक्सवॅगन पोलो, चाकणच्या कारखान्यातली. तिची २०१३ची जीटी टीएसआय गाजली ती १०५ हॉर्सपॉवर आणि सात गिअरच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्समुळे. याच कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सच्या कुटुंबाने कंपनीला जगभर घाम फोडला होता. मार्च २०१३मध्ये चीनमध्ये ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि वर्षअखेरीस जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या गिअरबॉक्समधलं तेल बदलायचं ठरलं. नवले पुलावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा तास रांगणाऱ्या माणसाने तो जुगार खेळू नये. पण २०२०मध्ये पोलोला नवं एक लिटर टीएसआय इंजिन मिळालं, ११० हॉर्सपॉवरचं, आणि सोबत साधा सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. पोलो २०२२मध्ये बंद झाली, तरी त्या इंजिनाचं कुटुंब व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया आणि कुशाकमध्ये चाकणलाच चालू राहिलं.

एक काटा उरतोच. ही गाडी एप्रिल २०२३च्या आधीची, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी गाड्या सज्ज करण्याचा नियम येण्याआधीची. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज सहा-सात टक्के कमी धरायचं आणि रबरी नळ्यांवर नजर ठेवायची. तेवढा खर्च मी हिशोबात घातला आहे.

यादीत आता पोलो वर आहे. सहा गिअर, मॅन्युअल, एक मालक, सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी. परवा सकाळी सातला, इंजिन थंड असताना, बघायला जातोय. मिस्त्री काकांना सोबत नेतोय. चाकणहून हेडलाइट किती दिवसांत येतो, ते मी आधीच विचारून ठेवलंय.