मसुद्याची छाननी

संगणकांचे जाळे विस्तारत जाऊन कोणते यंत्र चालू आहे आणि कोणत्या वाटेवर रहदारी तुंबली आहे हे दूर बसून जाणण्याची निकड भासू लागली, तेव्हा केस, फेडर, शॉफस्टॉल आणि डेव्हिन या चौघांनी सिद्ध केलेला एसएनएमपी हा संकेत ऑगस्ट १९८८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. इंटरनेटच्या धुरीणांनी त्याला तात्पुरती सोय मानले होते; रूढ मात्र तीच झाली.

तिच्यातील ओळखशब्द जाळ्यातून उघडाच प्रवास करी. हे वैगुण्य दूर करण्यासाठी १९९३ मध्ये आलेली सुरक्षाव्यवस्था इतकी क्लिष्ट ठरली की, १९९६ मध्ये जुन्याच ओळखशब्दाचा पुन्हा आश्रय घ्यावा लागला; सुरक्षित अशा तिसऱ्या आवृत्तीस पूर्ण मानकाचा दर्जा मिळाला तो २००२ मध्ये.

या संकेताद्वारे यंत्रांतील कोणती मूल्ये दुरून वाचता वा बदलता येतील हे ठरवणाऱ्या व्याख्यांचे मसुदे तपासले जात; त्या तपासनिसांचा शिरस्ता या अनुभवातून घडला, आणि २००५ मध्ये त्यांच्यासाठी लेखी नियमावलीही निघाली. एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या वस्तूस पुन्हा दिला आहे काय, जी मूल्ये दुरून बदलता येतात त्यांच्या दुरुपयोगाने कोणती हानी संभवते हे नमूद आहे काय, आणि सेकंदाला अब्ज बिटांच्या पूर्ण वेगात चौतीस सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येणारा बत्तीस बिटांचा गणक जलद वाहिनीसाठी योजला आहे काय, अशा हरकती ते काढीत. प्रसिद्धीपूर्वी किमान दोन आठवडे मसुदा सर्वांसाठी खुला राही, आणि निर्णय मतमोजणीने न होता स्थूल सहमतीने होई. ही चिकाटी मला सर्वाधिक आदरणीय वाटते, कारण प्रसिद्ध झालेला दोष पुढे असंख्य यंत्रांत उतरतो.