बाळंतपणाचा खर्च कोणी सोसावा?

नागपुरात बाबासाहेबांचे नाव घेतले की १९५६ सालची अशोक विजयादशमी डोळ्यांपुढे उभी राहते, आणि ते योग्यच आहे. परंतु गिरण्यांच्या फाटकांवर ज्यांची उमेद गेली त्या आम्हा युनियनवाल्यांना त्यांचा आणखीही एक दिवस आठवतो. तो २८ जुलै १९२८ चा. मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्या दिवशी कारखान्यांतील बायकांना बाळंतपणात रजा व भत्ता देण्याचे बिल चर्चेस होते, आणि सरकारनियुक्त सभासद डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले.

तत्पूर्वी ना. म. जोशी यांनी १९२४ साली असेच बिल मध्यवर्ती कायदेमंडळात आणले होते. ते नामंजूर झाले. म्हणून प्रश्न प्रांतांत आला. मालकांचा आक्षेप खर्चाचा होता. आंबेडकरांनी त्याला दिलेले उत्तर नीट समजून घेण्यासारखे आहे. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे, तेव्हा हा भार मुख्यतः सरकारनेच उचलला पाहिजे, हे त्यांनी आधी मान्य करून टाकले. पण म्हणून मालक सुटत नाही. पुरुषाऐवजी बाई कामावर ठेवण्यात त्याचा काही फायदा असतो म्हणूनच तो तिला ठेवतो. फायदा घेणाऱ्याने भाराचा वाटाही घ्यावा. या युक्तिवादात दयेची याचना नाही, सरळ हिशेब आहे. वाटाघाटीच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला त्याची किंमत कळते.

मुंबईचा कायदा १९२९ साली झाला. भत्ता दिवसाला आठ आणे. पाठोपाठ १९३० साली आमच्या मध्यप्रांतानेही कायदा केला. १८७७ पासून चालणारी एम्प्रेस मिल ज्या शहरात होती, तेथे ही गोष्ट लहान नव्हती.

मात्र या कायद्यांत एक मेख राहिली. पैसे एकट्या मालकाने द्यायचे, म्हणजे गरोदर बाई ही त्याच्या वहीत नुकसानीची बाब झाली. पोट दिसू लागले की तिला घरी बसवतात, अशा तक्रारी देशभर होत राहिल्या. त्यावर तोड एकच: सर्वांच्या वर्गणीचा एक निधी करायचा आणि त्यातून द्यायचे, मग कोणा एका मालकाला बाई टाळण्याचे कारण उरत नाही.

जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलितांची मोठी परिषद झाली, आणि त्याच महिन्यात आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत १९४३ साली प्रा. अदारकरांकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम आले. ऑगस्ट १९४४ मध्ये अहवाल झाला. बिल मांडले गेले तोवर मजूरखाते जगजीवनराम यांच्याकडे गेले होते, तेव्हा श्रेय दोघांनाही द्यावे. कायदा १९४८ चा. अंमल २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाला, नागपुरात १९५४ साली. मधल्या काळात कानपूरचे मालक कुरकुरले, की आम्हीच तेवढे का भरायचे? तेव्हा १९५१ साली दुरुस्ती करून, जेथे योजना पोचली नव्हती तेथील मालकांवरही कमी दराने वर्गणी बसवली गेली. आठ आण्यांच्या कायद्याला जे साधले नव्हते ते येथे साधले.

पण दार अरुंद होते. वीस किंवा अधिक कामगारांचा, यंत्रशक्तीवर चालणारा कारखाना हवा आणि पगार महिन्याला चारशे रुपयांच्या आत. सुरुवातीस घरच्या माणसांना औषधोपचारही नव्हता. कामठीला, भंडारा-गोंदियाकडे घरच्या ओसरीवर तेंदूपत्ता कापून विड्या वळणारी बाई तर कोणत्याच कारखान्यात बसत नव्हती. तिच्यासाठी कल्याणनिधीचा कायदा आला तो १९७६ साली, आणि तोही विमा नव्हे.

जे आत आले त्यांचाही हक्क नोकरीला बांधलेला होता. एम्प्रेस मिल २००२ साली बंद झाली. आंबेडकरांनी सरकारवर टाकलेला मुख्य भार सरकारने तोवर उचलला असता, तर फाटकाला कुलूप लागल्याने कोणाचा दवाखाना तुटला नसता. त्या वर्षांत युनियनच्या कचेरीत बायका येत, पिशवीतून विम्याचे कार्ड काढीत आणि विचारीत, ‘भाऊ, हे अजून किती दिवस चालंल?’