‘कुठं नेताय?’ : मुंबईच्या प्लेगमधला एक प्रश्न

३० मार्च २०२०ची संध्याकाळ मला चांगली आठवते. मुंबई महापालिकेने त्या दिवशी एक परिपत्रक काढले. कोरोनाने मृत्यू झालेली व्यक्ती कोणत्याही धर्माची असो, तिचे दहनच होईल, असे त्यात म्हटले होते. काही तासांतच ते दुरुस्त झाले. पुरेशी मोठी जागा असलेल्या कब्रस्तानात दफनाला मुभा मिळाली. पण पहिला कागद ज्या वेगाने मोबाइलवर फिरला, त्या वेगाने दुसरा फिरला नाही.

मी अब्बांना दुरुस्ती वाचून दाखवली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि म्हणाले, “बेटा, उद्या हे पुन्हा बदललं तर आपल्याला कोण सांगणार?” ताप आला तरी कोणाला सांगायचा नाही, हे त्यांनी त्याच रात्री ठरवून टाकले होते. मला ते बऱ्याच उशिरा कळले.

टाळेबंदीच्या त्या महिन्यांत मी मुंबईच्या प्लेगविषयी वाचत होतो. अब्बांचा प्रश्न मला तिथे जागोजागी भेटत राहिला.

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ६ ऑक्टोबरला महापालिका आयुक्त स्नो यांनी जाहीरनामा काढला. प्लेगचा संशय असलेल्या रुग्णाला घरातून उचलून, गरज पडल्यास बळाने, इस्पितळात नेण्याचा अधिकार पालिकेने त्यात स्वतःकडे घेतला होता. संसर्ग रोखायचा तर रुग्ण वेगळा ठेवला पाहिजे, हा विचार त्या काळच्या वैद्यकाला धरूनच होता. पण नेलेल्या माणसाचे पुढे काय होते, त्याच्याजवळ कोण बसू शकते, त्याला कोणाच्या हातचे पाणी मिळेल, तो गेला तर मय्यत घरच्यांच्या ताब्यात मिळेल का, याचे उत्तर गल्लीतल्या माणसाला कोणी दिले नव्हते.

जिथे उत्तर नसते तिथे अफवा येते. इस्पितळात माणसे मारून त्यांच्या देहातून ‘मोमियाई’ नावाचे औषधी तेल काढतात, अशी वदंता उठली. त्याच ऑक्टोबरमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासले गेले होते. त्या अपमानाचा बदला म्हणून राणीने माणसांची काळजे मागवली आहेत, असेही लोक बोलू लागले. आज हे वाचून हसू येते. पण कोरोनाच्या काळात मुद्दाम पॉझिटिव्ह ठरवतात, किडनी काढून घेतात, हे आपल्याच मोहल्ल्यात आपणच ऐकले आणि पुढे पाठवले. तेव्हा हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही.

२९ ऑक्टोबर १८९६ला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी स्नो यांनी हुकूम सौम्य केला. घरीच वेगळे ठेवून उपचार करणे शक्य असेल, तर रुग्णाला नेले जाणार नाही, असे जाहीर झाले. त्यामागे हिशेब होता. सफाई कामगार घाबरून शहर सोडून गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, ही भीती स्नो यांना होती. पण लोकांचा पाय तोवर निघालाच होता. आठ लाखांच्या वर वस्तीच्या या शहरातली जवळजवळ निम्मी माणसे १८९७च्या फेब्रुवारीपर्यंत गावाकडे निघून गेली.

पालिका लोकांशी बोलत नव्हती असे नाही. ती तिच्या भाषेत बोलत होती. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ अशी इंग्रजी अक्षरे रंगवली जात. ज्याच्या दारावर ती उमटत, त्यालाच बहुधा ती वाचता येत नसत. पालिकेच्या लेखी ती सूचना होती, घरमालकाच्या लेखी तो डाग होता.

मार्च १८९७मध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती आली. घरझडत्या कडक झाल्या. पण या समितीने जाती-जमातींना आपापली इस्पितळे काढू दिली, ही गोष्टही नोंदवली पाहिजे. आपल्या ओळखीच्या माणसांच्या देखरेखीखाली रुग्ण ठेवायला लोक तुलनेने तयार होते. लशीच्या बाबतीतही तेच घडले. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ला स्वतःला लस टोचून घेतली. तरी खोजा समाजाचा विश्वास बसला तो जेमतेम विशीतल्या तिसऱ्या आगाखानांनी, सुलतान मुहंमद शाह यांनी, चारचौघांसमोर दंड पुढे केला तेव्हा. कागदावरच्या हुकमापेक्षा डोळ्यांदेखत टोचलेल्या त्या सुईचे वजन जास्त होते.

हा धडा मात्र टिकला नाही. ९ मार्च १८९८ला मदनपुऱ्यात प्लेगचे पथक जुलाह्यांच्या म्हणजे मुसलमान विणकरांच्या वस्तीत गेले. एका घरातल्या आजारी मुलीची परक्या पुरुषाने तपासणी करण्याला घरच्यांनी नकार दिला. जमाव जमला, गोळीबार झाला, दंगल शहरभर पसरली. दोन्ही बाजूंची माणसे मेली. इतिहासात या प्रसंगावर ‘अडाणी, धर्मवेडे जुलाहे’ असा शिक्का बसला आहे. मला तो मान्य नाही. दगडफेकीचे समर्थन मी करणार नाही. पण पथकासोबत एखादी बाई डॉक्टर किंवा वस्तीतला जाणता माणूस आधी गेला असता, तर तो दिवस कदाचित वेगळा उजाडला असता. त्यानंतर सरकारनेही सक्ती सैल केलीच.

आता धारावीकडे पाहा. १ एप्रिल २०२०ला तिथे पहिला रुग्ण सापडला. सुमारे अडीच चौरस किलोमीटरमध्ये लाखो माणसे; तिथे ‘घरातच वेगळे राहा’ सांगण्यात अर्थ नव्हता. पालिकेने तिथल्याच खासगी डॉक्टरांना सोबत घेतले, कारण लोक त्यांना वर्षानुवर्षे ओळखत होते. विलगीकरण केंद्र वस्तीतच, शाळांत आणि क्रीडासंकुलात उभे राहिले. रमजान आला तेव्हा रोजेदारांना वेळेवर जेवण आणि खजूर देण्याची सोय झाली. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव घेतले. ज्या महापालिकेने मार्चमध्ये ते परिपत्रक काढले होते, तीच ही महापालिका. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानेही दफनामुळे संसर्ग पसरतो याला पुरावा नसल्याचे सांगितले. पण घबराट तोवर पसरून गेली होती.

त्याच मे महिन्यात अब्बांना ताप आला. दोन दिवस त्यांनी लपवला. तिसऱ्या दिवशी मी गल्लीतल्या आमच्या जुन्या डॉक्टरांना बोलावले. ते दारातच थांबले आणि म्हणाले, “चाचा, शाळेत नेतील. दहा मिनिटांवर. फोन सोबत ठेवा, चार्जर विसरू नका. मी रोज चक्कर मारतो.” इतकेच. अब्बा उठले, टोपी घातली, चार्जर पिशवीत टाकला आणि स्वतःच्या पायांनी जिना उतरले. बारा दिवसांनी परत आले.

सव्वाशे वर्षांपूर्वी या शहरात हजारो घरांतून ‘कुठं नेताय?’ असे विचारले गेले. त्या प्रश्नाला बंडखोरी समजले गेले. तो प्रश्न होता, आणि त्याला उत्तर हवे होते.