भाडेकरूंसह घर : बुलढाणा जिल्ह्यातील खरेदीचा पूर्वेतिहास

इ. स. १८७० मध्ये जलंबहून खामगावास लोहमार्गाचा फाटा आला, कापसाची पेठ भरास आली आणि दुकानांना व बिऱ्हाडाच्या खोल्यांना मागणी वाढली. तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात विकावयास निघालेले घर पुष्कळदा रिकामे नसे. आत बिऱ्हाडे नांदत असत. असे घर घेणाऱ्याने नेमके काय घेतले?

मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. विकणाऱ्याचे हक्क नव्या मालकाकडे येतात, तशीच त्याची बंधनेही येतात. खरेदीखताने भाडेपट्टा मोडत नाही. विक्रीची वार्ता नसताना भाडेकरूने जुन्या मालकास भाडे दिले, तर ते त्याच्याकडून पुन्हा मागता येत नाही. १९२९ च्या दुरुस्तीने तर असेही ठरविले की, घरात प्रत्यक्ष ताबा असलेल्याचा जो हक्क असेल तो खरेदीदारास ठाऊकच होता असे समजावे. ‘मला कोणी सांगितले नाही’ ही सबब तेथेच संपली.

महायुद्धानंतर घरांची टंचाई झाली आणि मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारचा १९४९ चा घरभाडे नियंत्रण हुकूम आला. त्याने भाडेकरूस नुसती नोटीस देण्यापूर्वीही भाडेनियंत्रकाची लेखी परवानगी आवश्यक केली. ती मिळाल्यावर नोटीस, आणि मग दिवाणी दावा! मालकास स्वतः राहावयाचे असेल तर परवानगी मिळे, परंतु त्याच गावात त्याचे दुसरे राहते घर नसावे. आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेला गृहस्थ वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या खोलीत राही. उलट, या हुकुमाने कित्येक गरीब बिऱ्हाडांचे छप्पर राखले. आपल्या ज्ञातीत दोन्ही पक्षांची कुटुंबे आहेत. आम्ही कोणा एकाची वकिली करीत नाही.

१९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, तरी हे कायदे एक झाले नाहीत. मलकापूरच्या पश्चिमेस खानदेशात मुंबईचा १९४७ चा कायदा, देऊळगावराजाच्या पलीकडे जालन्याकडे हैद्राबादचा १९५४ चा, आणि मध्ये आम्ही जुन्या वऱ्हाडी हुकुमाखाली! तीन कायद्यांच्या सीमा जेथे मिळतात असा हा जिल्हा. शेजारच्या जिल्ह्यातील सोयऱ्याचा अनुभव ऐकून येथे सौदा करणारा साहजिकच फसे.

अखेर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि तिन्ही कायदे रद्द झाले. नियंत्रकाच्या पूर्वपरवानगीची पायरी गेली. कायद्यातील कारण दाखवून थेट न्यायालयात जाता येऊ लागले. नव्या भाडेकराराचा लेख व नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मात्र त्याने घरमालकावर टाकली.