न दुखणारी खूण

मनुष्याच्या अंगावरील तिळाकडे आपल्या समाजानें आजवर मुख्यतः दोन दृष्टींनीं पाहिलें आहे; एक ज्योतिष्याची आणि दुसरी कवीची. सामुद्रिक जाणणारा तिळाच्या जागेवरून भाग्य सांगतो, आणि कवीस गालावरील तीळ म्हणजे उपमांची खाण वाटते. तिसरी दृष्टि वैद्याची. परंतु ती या दोहोंच्या मानानें फार उशिरां जागी झाली, आणि जागी झाल्यावरहि तिला वारंवार डुलकी लागते, असें इतिहास सांगतो. अंगावरची एखादी खूण वाढूं लागावी, तिचा रंग पालटावा, रोग्यानें घाबरून डॉक्टरकडे जावें, आणि "कांहीं नाहीं, मलम लावा" एवढेंच ऐकून परत यावें, हा प्रसंग पुष्कळ घरांच्या ओळखीचा आहे. प्रस्तुत लेखांत या 'कांहीं नाहीं'चा थोडासा इतिहास पाहावयाचा आहे.

आमच्या प्राचीन वैद्यकांत तिळाचा उल्लेख नाहीं असें नव्हे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत तिलकालक, मषक, जतुमणि, न्यच्छ, व्यंग इत्यादि त्वचेच्या विकारांचीं लक्षणें दिलीं आहेत. तिलकालक म्हणजे तिळाएवढा, काळा, त्वचेच्या पातळीस असणारा व न दुखणारा डाग. पण हे विकार ज्या अध्यायांत आले आहेत, त्याचें नांवच 'क्षुद्ररोग' असें आहे. चिकित्सास्थानांत असे डाग शस्त्रानें काढून क्षारानें किंवा अग्नीनें जाळावे असें सांगितलें आहे. म्हणजे ते काढण्याची विद्या होती. हळूहळू वाढणाऱ्या, खोल मुळाच्या, मंद वेदनेच्या व न पिकणाऱ्या अर्बुदाचें वर्णनहि त्याच ग्रंथांत आहे. परंतु तिलकालक एका अध्यायांत राहिला आणि अर्बुद दुसऱ्यांत. एकाचें मूळ दुसऱ्यांत असूं शकेल, हा संबंध त्या वर्णनांत येत नाहीं. जें दुखत नाहीं तें क्षुद्र, ही समजूत मात्र रोग्यांत व वैद्यांत सारखीच रुजली, आणि ती अद्यापि उखडली गेलेली नाहीं.

युरोपांतील वैद्यकहि या बाबतींत फारसें पुढें नव्हतें. लंडनमधील धुराडीं साफ करणाऱ्या मुलांच्या वृषणाच्या त्वचेवर पुढें मोठेपणीं एक चिवट व्रण होई. त्यास ते लोक 'काजळीची चामखीळ' म्हणत. डॉक्टर त्यास गुह्यरोग समजून पाऱ्याचीं औषधें देत, आणि रोगी मरत. १७७५ सालीं पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्यानें हा गुह्यरोग नसून काजळीमुळें होणारा कर्करोग आहे, असें दाखवून दिलें. पॉटजवळ सूक्ष्मदर्शक यंत्राचा पुरावा नव्हता. त्यानें रोग्याचा धंदा विचारांत घेतला, एवढेंच. पण त्या एका विचारानें त्वचेवरच्या व्रणाचा अर्थ पालटला.

तिळाच्या बाबतींत हें काम इंग्लंडांतील एका लहान गांवच्या डॉक्टरनें केलें. स्टूरब्रिज येथील विल्यम नॉरिस याच्याकडे एकुणसाठ वर्षांचा एक गृहस्थ आला. त्याच्या पोटावरील तिळाची गांठ झाली होती. ती कापून काढली. पण रोग पुन्हां उद्भवला व अंगभर पसरून तो गृहस्थ मरण पावला. नॉरिसनें १८२० सालीं ही हकीकत प्रसिद्ध केली, आणि तींत रोग्याचा बापहि अशाच रोगानें गेला होता ही गोष्ट आवर्जून नमूद केली. पुढें १८५७ सालीं त्यानें अशा आठ रोग्यांचा वृत्तांत दिला. फ्रान्समधील लाएनेक यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच या काळ्या रोगाचें स्वतंत्र अस्तित्व सांगितलें होतें. परंतु तो रोग घरांतून घरांत कसा चालतो, साध्या तिळांतून कसा निघतो, हें ज्या डॉक्टरनें कुटुंबच्या कुटुंब ओळखलें होतें त्यालाच दिसलें. याच शतकांत, १८८६ सालीं, जोनाथन हचिन्सन यानें नखाखालच्या काळ्या रोगाचें वर्णन केलें. लोक ज्यास नखुरडें समजून पोटीस बांधीत बसत, तें कधीं कधीं प्राणघातक असतें, हें त्यानें दाखविलें.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. १९३१ सालीं लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगानें वारल्या, आणि पुढच्याच वर्षीं त्यांचे पति सर दोराबजी निवर्तले. त्यांच्या विश्वस्तनिधींतून मुंबईस परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. परळ म्हणजे गिरण्यांचा भाग, आणि त्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतून गेलेला मजूरवर्ग मोठा होता. या रुग्णालयांत विकृतिशास्त्राचें काम डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होतें. पॉटनें धंदा पाहिला, तसें खानोलकरांनीं वस्त्र आणि व्यसन पाहिलें. १९४५ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनीं एका अमेरिकन नियतकालिकांत, हिंदुस्थानांतील चालीरीतींशीं निगडित अशा कर्करोगाच्या तीन नव्या प्रकारांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांतील एक आमच्या अगदीं अंगालगतचा, म्हणजे धोतराचा कर्करोग.

धोतराचा काच कंबरेवर पडतो, हें काय कोणाला ठाऊक नव्हतें? वर्षानुवर्षें एकाच जागीं घट्ट नेसण, घाम व घर्षण यांमुळें तेथील कातडी जाड होते, तिचा रंग उडतो, खपल्या धरतात, चीर पडते. आपण त्यास गजकर्ण म्हणतों, खाज म्हणतों, आणि पुन्हां त्याच जागीं गांठ आंवळतों. त्या चिरेचा न भरणारा व्रण होतो, आणि व्रणाचा कर्करोग. काश्मिरांत कपड्यांच्या आंत निखाऱ्याची कांगडी बाळगणाऱ्यांच्या पोटावर असाच रोग होतो, हें १८६६ सालीं एल्म्स्ली या मिशनरी डॉक्टरनें लिहिलें होतें. पण कांगडी ही परक्यास चमत्कारिक वाटणारी वस्तु. तिच्याकडे लक्ष सहज जातें. धोतर हें रोग्याचें आणि त्यास तपासणाऱ्याचेंहि नित्याचें वस्त्र. नित्याच्या वस्तूंतील दोष दिसण्यास फार तीक्ष्ण नजर लागते, आणि खानोलकरांचें मोठेपण त्या नजरेंत आहे.

ही जुनी गोष्ट झाली असें कोणी समजूं नये. धोतर मागें पडलें, तरी लुगडें व परकराचा नाडा राहिला आहे. २०२४ सालीं वर्धा व बिहार येथील डॉक्टरांनीं एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत अशा दोन स्त्रियांची हकीकत दिली. सत्तर वर्षांच्या एका बाईंच्या कुशीवरचा व्रण अठरा महिने भरत नव्हता. दुसऱ्या बाई साठीच्या उत्तरार्धांतल्या. त्यांनीं चाळीस वर्षें परकराशिवाय लुगडें घट्ट नेसलें होतें. त्यांचा व्रण दोन वर्षांचा, आणि त्या डॉक्टरकडे पोंचेपर्यंत रोग जांघेंतील गांठींत उतरला होता. खानोलकरांच्या लेखानंतर जवळजवळ ऐंशीं वर्षांनींहि अठरा महिने आणि दोन वर्षें जावीं लागतात, हा या इतिहासांतील सर्वांत शोचनीय भाग होय.

मग न दुखणाऱ्या खुणेचें महत्त्व लोकांस शिकवितांच येत नाहीं काय? येतें, आणि याचा दाखला रत्नागिरीकरांस दूर शोधावयास नको. कुष्ठरोगाचा या जिल्ह्यास पूर्वीं मोठा उपद्रव होता, आणि दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नांवाचें कुष्ठरुग्णालय रत्नागिरीस एकोणिसाव्या शतकांतच निघालें. त्या रोगाचा पहिला चट्टा दुखत नाहीं, खाजत नाहीं. म्हणूनच तो लपतो. परंतु १९५५ सालीं राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यावर, आणि विशेषतः १९८३ नंतर संयुक्त औषधोपचार मिळूं लागल्यावर, "बधिर चट्टा दाखवा" हें वाक्य खेड्यापाड्यांतील भिंतींवर लिहिलें गेलें. आरोग्यसेवक कापसाच्या बोळ्यानें चट्ट्यावर स्पर्श करून पाहूं लागला. जें दुखत नाहीं तेंच दाखवावें, हा उलटा धडा सामान्य माणसानें गिरविला. तीळ आणि व्रण यांच्यासाठीं असा धडा कोणी अद्यापि भिंतीवर लिहिलेला नाहीं.

याचें एक कारण असें कीं, तिळाचा कर्करोग गोऱ्या लोकांच्या मानानें आपल्यांत फार विरळा आहे. आपल्या डॉक्टरास असा रोगी उभ्या व्यवसायांत कदाचित् एखाद-दोनदांच भेटेल. तेव्हां त्यास तो चटकन् आठवत नाहीं, यांत नवल नाहीं. पण विरळा असला तरी सांवळ्या वर्णांत त्याची जागा निराळी असते. तो तळपायावर, तळहातावर किंवा नखाखालीं निघण्याचा संभव विशेष. रत्नागिरीच्या मांडवीस ओहोटीच्या वेळीं काळसर वाळूंतून, खडकांवरून अनवाणी वावरणारीं माणसें पाहावीं. त्यांच्या तळव्यास काटा मोडतो, कालव कापतें, कुरूप होतें, आणि यांत नवें असें कांहीं नसतें. अशा तळव्यावर एखादा काळा डाग उमटला तर तो काटाच ठरावयाचा, कुरूपच ठरावयाचें, आणि घरच्या पात्यानें तासलें जावयाचें. पायाचा तळवा डॉक्टर क्वचितच पाहतो, आणि रोगी आपण होऊन दाखवीत नाहीं.

या विलंबाची किंमत काय, हें १९७० सालीं अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञानें मोजून दाखविलें. त्यानें काढलेल्या तिळांची खोली सूक्ष्मदर्शकाखालीं मोजली. रोग जितका खोल, तितका मृत्यु जवळ. खोली एक मिलिमीटरच्या आंत असतां साध्या शस्त्रक्रियेनें बहुतेक रोगी बरे होतात. म्हणजे "महिनाभर पाहूं" या शब्दांचें माप त्वचेंत मिलिमीटरच्या अंशांनीं उतरतें.

सर्व तीळ घातक असते तर एकहि मनुष्य वांचला ना. म्हणून भय नको, विवेक हवा. १९८५ सालीं न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनीं इंग्रजी वर्णमालेच्या पहिल्या चार अक्षरांवर चार लक्षणें बसविलीं: दोन अर्धांत विषमता, कडा वेड्यावांकड्या, रंग अनेक, आणि रुंदी सहा मिलिमीटरहून अधिक. पुढें पांचवें जोडलें गेलें, तें बदलाचें. आणि तेंच सर्वांत महत्त्वाचें. नखाखालची काळी रेघ रुंद होऊं लागली, तिचा रंग नखाच्या कडेच्या कातडीवर उतरला, किंवा कोणताहि व्रण महिना-दीड महिन्यांत भरला नाहीं, तर तीं लक्षणेंहि याच पंक्तींत घ्यावीं.

वरील इतिहासांत एक गोष्ट पुनःपुन्हां दिसते. डॉक्टर जागा झाला तो नुसती खूण पाहून नव्हे, तर खुणेभोंवतालची हकीकत ऐकून. धुराड्याचा धंदा, बापाचा मृत्यु, धोतराची गांठ, हीं सर्व रोग्याच्या घरचीं वृत्तें. म्हणून डॉक्टरास पटवावयाचें तर "मला भीति वाटते" एवढें बोलून भागत नाहीं. डाग केव्हां दिसला, तेव्हां केवढा होता, आज केवढा आहे, रक्त कधीं आलें, घरांत असें पूर्वीं कोणास झालें होतें काय, हें तारखांसह कागदावर लिहून न्यावें. मोजपट्टी शेजारीं ठेवून घेतलेलें छायाचित्र असल्यास उत्तमच. आणि शेवटीं नम्रपणें पण ठामपणें विचारावें, कीं हा तुकडा तपासावयास पाठवावयाचा नसेल तर कां नाहीं, आणि मीं पुन्हां कधीं दाखवावें? या प्रश्नास 'कांहीं नाहीं' हें उत्तर पुरत नाहीं. तेथेंहि समाधान न झालें तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्यांत पहिल्या डॉक्टरचा अपमान नाहीं.

आणखी एक. चामखिळीस घोड्याच्या शेपटीचा केंस बांधणें, तीळ चुन्यानें जाळणें, किंवा आजच्या रीतीनें तो विजेनें जाळून घेणें, यांत तीळ जातो. पण त्याबरोबर पुरावाहि जातो. काढलेला प्रत्येक संशयित तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं गेलाच पाहिजे. सुश्रुतानें काढावें कसें तें सांगितलें. काढलेलें पाहावें कसें तें खानोलकरांच्या पिढीनें शिकविलें. आतां पाहावयास पाठविण्याचें काम आपलें आहे. जी खूण दुखत असते ती स्वतःच ओरडून वैद्यास हांक मारते. जी दुखत नाहीं, तिच्या वतीनें घरांतील कोणीं तरी बोललें पाहिजे.