टेलिकन्व्हर्टर : लांबी वाढते, उजेड घटतो

हिवाळा सुरू झाला, की उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगावात पहाटेपासून पुण्या-मुंबईच्या गाड्या येऊन थांबू लागतात. मच्छीमारांच्या होड्यांतून रोहित पक्ष्यांचे थवे पाहण्यास निघालेल्या हौशी छायाचित्रकारांपैकी अनेकांच्या गळ्यात १०० ते ४०० मिलिमीटरची झूम लेन्स असते. पाण्यात थोडे आत गेल्यावर मात्र चारशेही अपुरे पडतात, हे ध्यानात येते. मग दोनच मार्ग उरतात. होडी आणखी पुढे न्यायची, किंवा लेन्सची लांबी वाढवायची. पहिल्या मार्गाला पैसे पडत नाहीत. पण निवांत चरणारा थवा त्यात हमखास उडतो, त्या थव्याचे चरणे थांबते आणि मागून येणाऱ्या होड्यांच्या वाट्याला रिकामे पाणी येते. दुसऱ्या मार्गासाठी जे छोटेसे उपकरण खिशातून बाहेर निघते, ते टेलिकन्व्हर्टर.

लेन्स आणि कॅमेरा यांच्या मध्ये बसणारा हा भिंगांचा संच एकत्रितपणे अंतर्गोल भिंगासारखे काम करतो. लेन्सने तयार केलेल्या प्रतिमेचा मधला भाग तो मोठा करून सेन्सरवर पसरवितो. दुर्बिणीतून आकाश पाहणाऱ्यांच्या परिचयाची ‘बार्लो लेन्स’ याच तत्त्वावर चालते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो यांचे नाव तिला मिळाले आहे. काही लहान कॅमेऱ्यांच्या लेन्सच्या पुढच्या तोंडाला आट्यांनी बसविले जाणारे जोडभिंग वेगळे. दुकानांत दोघांनाही सरसकट ‘कन्व्हर्टर’ म्हटले जाते, त्यामुळे खरेदी करताना घोटाळा होऊ शकतो.

प्रचलित कन्व्हर्टर प्रामुख्याने १.४ पट आणि २ पट अशा दोन शक्तींचे असतात. १.४ हा आकडा दोनच्या वर्गमुळाजवळचा आहे. प्रतिमेची लांबी-रुंदी १.४ पट झाली, की क्षेत्रफळ दुप्पट होते. तोच उजेड दुप्पट जागेवर पसरतो आणि एक स्टॉप कमी होतो. दुपटीच्या कन्व्हर्टरमध्ये क्षेत्रफळ चौपट, म्हणून दोन स्टॉपचा तोटा. ४०० मिलिमीटरला एफ/५.६ असलेली लेन्स १.४ पटीने ५६० मिलिमीटर एफ/८ होते, तर दुपटीने ८०० मिलिमीटर एफ/११. उत्पादक कोणताही असो आणि किंमत कितीही मोजलेली असो, हा हिशेब चुकत नाही. महागड्या कन्व्हर्टरने प्रतिमेचा दर्जा सांभाळला जातो, गेलेला उजेड परत येत नाही.

पदरात काय पडते, हे रोहितावरूनच पाहावे. सुमारे १.२ मीटर उंच उभा असलेला पक्षी होडीपासून ६० मीटरवर आहे, असे धरले तर ४०० मिलिमीटरला त्याची सेन्सरवरील प्रतिमा ८ मिलिमीटर उंच पडते. पूर्ण आकाराच्या सेन्सरची उंची २४ मिलिमीटर, म्हणजे पक्ष्याने चौकटीचा एक तृतीयांश भाग व्यापला. १.४ पटीने ही उंची ११ मिलिमीटरच्या थोडी वर जाते आणि दुपटीने १६ मिलिमीटर होते. कन्व्हर्टरशिवाय हेच साधायचे तर होडी अनुक्रमे ४३ आणि ३० मीटरवर न्यावी लागेल. या मधल्या १७ किंवा ३० मीटरांत थवा थांबेल की उडेल, याचा निकाल लागत असतो. कन्व्हर्टरची खरी कमाई ती हीच.

आता किंमत. समजा, सकाळच्या उन्हात आयएसओ ४०० आणि एफ/५.६ ठेवून १/१००० सेकंदाचा शटर स्पीड मिळतो आहे. १.४ पटीचा कन्व्हर्टर लावताच तो १/५०० वर येतो, दुपटीने १/२५० वर. लांबी ८०० झाल्यावर हाताची थरथरही तितकीच वाढून दिसते. हातात धरून टिपण्यासाठी शटर स्पीड किमान लांबीच्या आकड्याएवढा असावा, हा जुना दंडक लावला तर १/८०० हवा. लेन्समधील कंपनरोधक यंत्रणा हात सावरते, पण मान हलविणाऱ्या पक्ष्याला ती थांबवू शकत नाही. म्हणजे आयएसओ १६००च्या आसपास नेणे आले. नव्या कॅमेऱ्यांना ते जड जात नाही. ताडोबात सूर्योदयापूर्वीच्या झाडोऱ्यात मात्र मूळ एफ/५.६ लाच उजेड पुरत नसतो. तिथे दुपटीचा कन्व्हर्टर लावून मिळते ते बहुधा मोठे पण अस्पष्ट चित्र.

उजेडाइतकाच प्रश्न ऑटोफोकसचा आहे. आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यांत फोकस शोधणारी यंत्रणा लेन्सच्या दोन बाजूंनी येणाऱ्या किरणांची तुलना करते. लेन्सचे तोंड अरुंद झाले, की ते किरण तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. बहुतेक डीएसएलआरसाठी ही मर्यादा एफ/५.६ होती; एफ/८ वर फक्त काही व्यावसायिक कॅमेऱ्यांचा मधला बिंदू चाले. कन्व्हर्टरच्या काही पिनांवर चिकटपट्टी लावून कॅमेऱ्याला फसविण्याची युक्ती त्या काळी हौशी मंडळींत प्रसिद्ध होती. भरउन्हात ती कामी येई, ढग आले की लेन्स नुसतीच मागेपुढे फिरत राही. निकॉनच्या डी४ ने २०१२ मध्ये एफ/८ ची सोय दिली, तर कॅननने ५डी मार्क ३ ला ती २०१३ मध्ये फर्मवेअर बदलून दिली. मिररलेस कॅमेऱ्यांनी ही अडचण जवळजवळ संपविली. कॅननचा आर५ हा २०२० सालचा कॅमेरा एफ/२२ पर्यंत फोकस करतो. जुना डीएसएलआर वापरणाऱ्यांनी मात्र एफ/५.६ च्या झूमवर कन्व्हर्टर घेण्यापूर्वी कॅमेऱ्याची पुस्तिका उघडून पाहावी. चालला तरी वेग मंदावतो तो वेगळाच. कॅननच्या ईएफ लेन्सचा फोकस फिरण्याचा वेग १.४ पटीला निम्म्यावर आणि दुपटीला पाव भागावर आणला जातो. अचूकता राखण्यासाठी कंपनीने ही योजना मुद्दाम केली आहे.

कन्व्हर्टर प्रत्येक लेन्सला बसतोच असे नाही. कॅमेरा-कंपन्यांच्या अनेक कन्व्हर्टरचे पुढचे भिंग बाहेर डोकावते आणि लेन्समध्ये मागे तेवढी पोकळी लागते. कॅननची ७०-३०० एल ही उत्तम लेन्स असूनही कंपनीचा कन्व्हर्टर तिला लागत नाही. आरएफ १००-५०० ची तऱ्हा आणखी निराळी. कन्व्हर्टर लावल्यावर ही झूम ३०० च्या खाली येत नाही, म्हणजे १.४ पटीने ती केवळ ४२० ते ७०० अशी उरते. शिवाय पूर्ण मिटत नसल्याने तशीच बॅगेत ठेवणेही अडचणीचे. हा तपशील अनेकांना पैसे भरल्यानंतर कळतो. केन्कोसारख्या कंपन्यांच्या काही कन्व्हर्टरचे भिंग बाहेर येत नाही, त्यामुळे ते अधिक लेन्सना बसतात. परंतु साध्या ५५-२५० किंवा ७०-३०० झूमवर ते लावून फारसे काही साधत नाही. मूळ लेन्समधील दोषही कन्व्हर्टर १.४ पट किंवा दुप्पट करून दाखवितो.

झूम लेन्समध्ये कन्व्हर्टरशी सर्वांत चांगले जुळते ते ७०-२०० एफ/२.८ चे. १.४ पटीने ती ९८-२८० एफ/४ होते आणि फरक सहसा जाणवत नाही. दुपटीने १४०-४०० एफ/५.६ मिळते, तिथे कडा मऊ पडतात आणि एफ/८ केल्यास चित्र सुधारते. चांगल्या १००-४०० लेन्सची सर त्याला येत नाही. ज्याला वर्षातून दोनदाच पक्षी टिपायचे आहेत, त्याला मात्र दुसरी जड लेन्स विकत घेऊन वाहून नेण्यापेक्षा हे परवडते. पक्षिनिरीक्षण हाच छंद असेल तर पैसे साठवून लांब लेन्स घ्यावी आणि सोबत १.४ पटीचाच कन्व्हर्टर ठेवावा.

कन्व्हर्टर न लावता चित्र नंतर कातरले तर काय बिघडते, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. २४ मेगापिक्सेलचे चित्र १.४ पटीइतके कातरले तर १२ मेगापिक्सेल उरतात, दुपटीइतके कातरल्यास अवघे ६. मोठी प्रत छापायची असेल तर कन्व्हर्टर सरस ठरतो. ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात १.४ पट कातरूनही २२ हून अधिक उरतात. तिथे उजेड कमी असता कन्व्हर्टर बॅगेतच राहिलेला बरा. ऊन तापल्यावर पाण्यावरची हवा थरथरू लागते, तेव्हा तर दोन्ही उपाय व्यर्थ होत. ती थरथरही तितकीच मोठी होऊन येते.

एक लाभ मात्र बिनबोभाट मिळतो. लेन्सचे किमान फोकस अंतर कन्व्हर्टरने बदलत नाही. जितक्या जवळून १००-४०० फोकस करते, तितक्याच जवळून ती आता १.४ पट किंवा दुप्पट मोठे चित्र देते. काठावरच्या गवतावर बसलेले चतुर आणि फुलपाखरे यांच्यासाठी ही जोडी मॅक्रो लेन्सची उणीव बरीचशी भरून काढते, आणि कीटकावर छायाचित्रकाराची सावलीही पडत नाही.

होडीत ट्रायपॉडचा उपयोग नाही. इंजिनाचा थरथराट त्यातून थेट लेन्समध्ये उतरतो. इंजिन बंद करवून काठावर बीनबॅग ठेवावी किंवा कोपर गुडघ्यावर टेकवावे. थवा उडू लागला, की ५६० मिलिमीटरच्या चौकटीत पंखांची टोके मावत नाहीत. अशा वेळी कन्व्हर्टर काढत बसण्यापेक्षा झूम मागे घेणे शहाणपणाचे. हलत्या होडीत आणि सफारीच्या धुळीत लेन्स उघडली, की सेन्सरवर कण बसतात. कॅननने २०१३ साली २००-४०० एफ/४ झूमच्या पोटातच १.४ पटीचा कन्व्हर्टर बसवून खटक्यावर आतबाहेर होण्याची सोय केली, ती याचसाठी. तिची किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची राहिली. इतरांनी काठावर असतानाच उजेड पाहून निर्णय घ्यावा, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून कन्व्हर्टर लावावा आणि मगच होडीत पाय ठेवावा.